पडदा विझल्यावर उरणारा मिन्युएट

पियानो किंवा कीबोर्ड शिकायचा म्हटलं की हल्ली हाताला आधी मोबाइल लागतो, पट्ट्या नंतर. काळ्या पडद्यावर वरून खाली रंगीत ठोकळे उतरत असतात. डाव्या हाताचे एका रंगाचे, उजव्या हाताचे दुसऱ्या. तळाशी पियानोच्या पट्ट्यांचं चित्र असतं. ठोकळा ज्या पट्टीवर येऊन टेकेल ती दाबायची, आणि ठोकळा जितका लांब तितका वेळ ती दाबून ठेवायची. कुठलीही लिपी शिकावी लागत नाही. २००५ साली ‘गिटार हीरो’ हा व्हिडिओ गेम गाजला आणि त्याच धर्तीवर पुढच्या वर्षी ‘पियानो हीरो’ नावाचा संगणकावरचा प्रोग्राम निघाला. नावावरून कुरबूर झाली तेव्हा त्याचं ‘सिंथेशिया’ झालं. त्यानंतर आलेली काही ॲप्स ठोकळ्यांऐवजी सरकणारं नोटेशन दाखवतात, फोनच्या माइकमधून तुमचा सूर ऐकतात आणि बरोबर-चूक लगेच सांगतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवणारे बरेच शिक्षक या प्रकाराला नाक मुरडतात. उलट बाजूला, तीन दिवसांत दोन्ही हातांनी एक तुकडा वाजवता आलेला हौशी माणूस शिक्षकांनाच जुनाट ठरवतो. हा वाद नेहमी चित्र वापरावं की वापरू नये याभोवती फिरतो आणि म्हणून कुठेच पोचत नाही. शिकण्यासाठी काढलेल्या कुठल्याही चित्राची किंमत ते बंद केल्यावर हातात काय राहिलं यावरून करावी, असं माझं म्हणणं आहे. ही कसोटी लावली की ठोकळे पूर्ण बाद होत नाहीत. पण त्यांना द्यायची जागा फार लहान ठरते, आणि ती जागा सुरुवातीचीच असते.

असं मोघम बोलण्यापेक्षा एक खरा तुकडा समोर ठेवू. पियानो शिकणाऱ्या जगभरच्या मुलांच्या हाताखालून कधी ना कधी जाणारा जी मेजरमधला मिन्युएट सगळ्यांत सोयीचा. बऱ्याच पुस्तकांत त्यावर अजूनही योहान सेबास्टियन बाखचं नाव असतं, पण तो बाखचा नाही. बाखची दुसरी पत्नी ॲना माग्दालेना ही व्यवसायाने गायिका. तिच्यासाठी घरात दोन वह्या होत्या, एक १७२२ची आणि दुसरी १७२५ची. दुसऱ्या वहीत बाखच्या रचना आहेत, मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने लहानपणी केलेले तुकडे आहेत आणि आवडल्या म्हणून उतरवून घेतलेल्या इतरांच्या रचनाही आहेत. आपल्याकडे घरोघरी गाण्यांच्या वह्या असत, तसाच हा मामला. कोणाची चाल, कोणाचे शब्द, हे लिहायची गरज वहीच्या मालकिणीला वाटत नाही. या मिन्युएटवर नाव नव्हतं, म्हणून पुढच्यांनी तो बाखच्या खात्यावर टाकला. १९७०च्या दशकात अभ्यासकांनी तो ड्रेस्डेनच्या सोफिया चर्चमधला ऑर्गनवादक ख्रिश्चन पेट्झोल्ड (१६७७–१७३३) याच्या हार्पसिकॉर्डसाठीच्या एका रचनेतला असल्याचं दाखवून दिलं. बाखच्या रचनांच्या सूचीत तो आता परिशिष्टात ११४व्या क्रमांकावर बसलेला आहे. १९६५मध्ये ‘द टॉइज’ या अमेरिकन गायिकांच्या गटाने याच सुरांवर एक पॉप गाणं गाजवलं, तेही तीन मात्रांचं वजन चार मात्रांत बसवून. मूळ तुकडा ३२ बारांचा. उभ्या रेघांमधल्या एका खणाला बार म्हणतात, आणि इथे प्रत्येक बारात तीन मात्रा आहेत. सोळा बारांचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा.

आता हा तुकडा पेटी वाजवणाऱ्याच्या भाषेत वाचून पाहू; ती भाषा आपल्याकडे आयती आहे आणि पियानोच्या वर्गात उगाच अडगळीत पडते. जी मेजर म्हणजे पांढरी पाचला ‘सा’ धरायचा. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे बिलावलचे. त्यातला ‘नी’ तेवढा काळी तीनवर येतो, बाकी सगळं पांढऱ्यावर. उजव्या हाताचा पहिला बार: एक मात्रा ‘प’, आणि मग दोन मात्रांत ‘सा रे ग म’. दुसऱ्या बारात पुन्हा ‘प’ गाठून ‘सा सा’. करंगळी ‘प’वर ठेवली तर अंगठा आपोआप खालच्या ‘सा’वर येतो आणि मधली तीन बोटं मधल्या तीन पट्ट्यांवर. पाच बोटं, पाच पट्ट्या, हात जागचा हलत नाही. तिसऱ्या बारात हात एकदाच वर सरकतो: एक मात्रा ‘ध’, मग ‘म प ध नी’, आणि चौथ्या बारात तार ‘सा’ गाठून एकदम सप्तकभर खाली उडी. म्हणजे आधी जे बोललं तेच वरच्या पायरीवरून पुन्हा बोललं. पाचव्या आणि सहाव्या बारात तीच चाल उलटी होते, ‘म, प म ग रे’ आणि ‘ग, म ग रे सा’. सातव्यात मंद्र ‘नी’ला शिवून आठव्या बारात ‘रे’वर थांबा. हा थांबा प्रश्न विचारल्यासारखा आहे, कारण घर ‘सा’ आहे आणि आपण अंगणातच उभे आहोत. आणि डावा हात? सुरुवातीच्या ‘सा ग प’ या एकत्र दाबायच्या स्वरांनंतर सहा बारांत तो ‘सा रे ग म ग रे सा’ एवढंच म्हणतो, बहुतेक बारांत एकेक लांब स्वर. वर धावपळ चाललेली असताना खाली कोणीतरी शांतपणे जिना चढून उतरतो आहे. एवढं ज्याला कळलं त्याच्या डोक्यात निम्मा तुकडा गेलेला आहे, हात अजून पट्टीला लागलेला नसला तरी.

हेच आठ बार ठोकळ्यांत कसे दिसतात? अलंकार सोडले तर उजव्या हाताचे बत्तीस ठोकळे, एकामागून एक. प्रत्येक ठोकळा स्वतंत्र, प्रत्येकाचं वजन सारखं. तिसरा बार पहिल्याचाच पडसाद आहे हे त्यांत लिहिलेलं नसतं. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. उजव्या हाताचे नवव्यापासून चौदाव्यापर्यंतचे सहा बार हे पहिले सहा बारच आहेत, जसेच्या तसे. फक्त शेवटचे दोन बदलतात, कारण या खेपेला ‘रे’वर न थांबता ‘सा’वर घरी यायचं असतं. कागदावर वाचणाऱ्याला किंवा सरगम म्हणणाऱ्याला हे तात्काळ कळतं आणि सोळा बारांपैकी शिकायचे फक्त दहाच उरतात. पडद्याकडे बघणाऱ्यापुढे मात्र नवे ठोकळे पडतच राहतात. गेलेले ठोकळे पट्टीखाली गडप झालेले असतात, मागे वळून ताडून पाहायची सोय नसते. कोणी म्हणेल, हाताला तरी ओळख पटेलच. पटते, पण उशिरा आणि अर्धवट. आणि मग दोन ओळींचे शेवट एकमेकांत मिसळतात. सातव्या बारात जायच्या जागी हात पंधराव्यात जातो आणि तुकडा मध्येच संपतो. सवयीने पाठ झालेल्या वादनात नेमक्या अशाच जागी गाडी घसरते, कारण दोन वाटा जिथे फुटतात तिथली पाटी कधी वाचलेलीच नसते.

लयीचंही तसंच. मिन्युएट हा मुळात नाच आहे, आणि त्याचं पदन्यासाचं एक पूर्ण आवर्तन सहा मात्रांचं असतं: दोन बारांत चार पावलं. म्हणून पेट्झोल्डची वाक्यंही दोन-दोन बारांची आहेत. आपल्याला दादऱ्याच्या सहा मात्रा ठाऊक आहेत. वजन वेगळं, खालीची जागा इथे नाही, पण सहाचा झोका अंगात असलेल्या माणसाला हा तुकडा समजायला फार वेळ लागू नये. ठोकळे पडताना मात्रा दिसतात, सम दिसत नाही. काही प्रोग्रामांत बारांच्या आडव्या रेघा असतात; पण नजर ठोकळ्याच्या खालच्या कडेवर खिळलेली असते, रेघ बघायला सवड कुठे? त्यात बहुतेक ॲप्समध्ये एक सोय असते जी नवशिक्याला देवासारखी वाटते: योग्य पट्टी दाबेपर्यंत सगळं थांबून राहतं. पहिल्यांदा सूर शोधताना हे ठीकच आहे. पण आठवडाभर असंच वाजवलं तर हाताला जी सवय लागते तिच्यात अडखळणंही पक्कं बसतं, कारण घड्याळ आपल्यासाठी थांबतं असं हात शिकलेला असतो. तबलजी कोणासाठी थांबत नाही. संथ लयीत वाजवणं आणि थांबत-थांबत वाजवणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुकड्याचं अंग शाबूत राहतं, दुसरीत त्याचे तुकडे पडतात.

तिसरी झाकलेली गोष्ट स्पर्शाची. पियानोची पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाची हातोडी तारेवर जाऊन आपटते आणि लगेच सुटते. तारेला लागण्याच्या क्षणी हातोडीचा बोटाशी संबंध संपलेला असतो. आवाज किती मोठा होईल हे त्याआधीच्या वेगावर ठरून गेलेलं असतं. म्हणजे पियानोवादकाचं सगळं शहाणपण पट्टी खाली जाण्याच्या त्या निमिषभरात आणि ती सोडण्याच्या वेळेत साठलेलं. पेट्झोल्डच्या हार्पसिकॉर्डवर तर पहिला पर्यायही नव्हता. तिथे तार छेडली जाते, जोरात दाबलं तरी आवाज फारसा वाढत नाही. त्या काळच्या वादकाने वाक्य घडवायचं ते सूर कुठे जोडायचे आणि कुठे किंचित तोडायचे एवढ्यावरच. दुसऱ्या बारातले ‘सा सा’ थोडे सुटे, हलके वाजवले की नाचातलं पाऊल ऐकू येतं. चिकटवून वाजवले की तेच दोन सूर कवायत करतात. ठोकळ्याची लांबी याबद्दल थोडंफार सांगू शकते, पण चांगल्या वादकाचं वादन नोंदून ते चित्र केलेलं असेल तरच; आणि नवशिक्यांसाठीच्या फायली बऱ्याचदा माउसने टिचक्या मारून केलेल्या असतात. माइक लावून ऐकणारं ॲप सूर आणि वेळ तपासतं. डावा हात उजव्यावर कुरघोडी करतो आहे, याबद्दल त्याची सहसा तक्रार नसते. शंभर टक्के गुण आणि रटाळ वादन सुखाने एकत्र नांदू शकतात.

इथपर्यंत मी तुकड्याच्या बाजूने बोललो. शिकणाऱ्या मेंदूच्या आणि हाताच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तो बराचसा संगीताबाहेरून आलेला असल्यामुळे जपून वापरायला हवा. हालचाली शिकण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८०च्या दशकात एक विचित्र गोष्ट मांडली. प्रत्येक प्रयत्नानंतर ‘बरोबर’ किंवा ‘इतकं चुकलं’ असं सांगितलं तर सरावाच्या वेळी प्रगती उत्तम दिसते, पण नंतर सांगणारा काढून घेतला की तीच माणसं मागे पडतात. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९०मध्ये छापलेल्या प्रयोगांत निम्म्याच वेळा माहिती मिळालेल्या लोकांना नंतरच्या परीक्षेत जास्त टिकाऊ यश आलं. कारण उघड आहे: बाहेरचा इशारा सतत मिळत राहिला की आपल्या चुका आपण ओळखायची गरज उरत नाही, आणि ती शक्ती वाढतच नाही. पाठांतराबद्दल हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये दाखवलेलं याच्याशी जुळतं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. ठोकळ्यांबरोबर वाजवणं म्हणजे उतारा पुन्हा वाचणं. पियानोवरचाच पुरावा हवा असेल तर टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये छापलेला अभ्यास पाहावा. सतरा तयार पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या कन्चेर्टोमधला एक छोटा तुकडा दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवायला लावला. किती वेळ सराव केला, किती वेळा घोटला, याने दुसऱ्या दिवसाचा क्रम ठरला नाही. चूक झाल्याबरोबर थांबून, नेमकी जागा शोधून, लय उतरवून ती तिथल्या तिथे सुधारणारे वर गेले. म्हणजे चूक स्वतः पकडणं हेच मुख्य काम. ॲप ते काम आपल्या हातातून प्रेमाने काढून घेतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे. प्रयोगशाळेतली ती कामं सोपी होती, एखादा दांडा ठरल्या वेळात सरकवण्यासारखी. दोन हात, दहा बोटं, दोन ओळी असं अवघड काम असेल तर सुरुवातीला भरपूर आधार लागतो, आणि तो नसेल तर माणूस चाचपडून सोडून देतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी ठोकळे मोडीत काढत नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत उजव्या हातासाठी एक चिन्ह, डाव्यासाठी दुसरं. एकाच रेघेवरचा सूर वरच्या पाच रेघांत एक आणि खालच्या पाच रेघांत भलताच. हा उलगडा करण्यातच नवशिक्याची सगळी शक्ती संपते, सूर ऐकायला काही उरत नाही. ठोकळा थेट पट्टीवरच येऊन पडतो, मध्ये भाषांतर नाही. पहिल्या दिवशी तुकडा कसा आहे, हात कुठे सरकतो, कुठली पट्टी काळी, हे डोळ्यांखालून घालायला याहून सोपं साधन नाही. माझी तक्रार मुक्कामाची आहे. पाहुणा दोन दिवस राहतो तेव्हा गोड लागतो.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो मला स्वतःला फार आवडतो. ठोकळ्यांचे पूर्वज शंभर वर्षांहून जुने आहेत. भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत निघाले आणि विसाव्याच्या सुरुवातीला घराघरांत शिरले. गुंडाळी फिरली की पट्ट्या आपोआप खाली जात, जणू अदृश्य कोणीतरी वाजवतंय. जॅझ पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनच्या ‘कॅरोलिना शाउट’ची अशी गुंडाळी लावून, तिची गती उतरवून, खाली गेलेल्या पट्ट्यांवर बोटं ठेवत ड्यूक एलिंग्टन ती रचना शिकला, फॅट्स वॉलरनेही तसंच केलं. मग आजच्या पोराने का करू नये? जरूर करावं, पण ते दोघं काय करत होते ते नीट बघून. दोघांच्या कानांत ते संगीत आधीच होतं. गती किती उतरवायची, कुठे थांबवायची, कुठला तुकडा पुन्हा लावायचा, हे ठरवणारे ते होते. गुंडाळी गुण देत नव्हती, चुकलं तर लाल होत नव्हती. चुकलं हे कानालाच कळावं लागे. आणि शेवटी गुंडाळी काढून वाजवायचं होतं. एलिंग्टनने पुढे ती रचना खुद्द जॉन्सनसमोर वाजवली. म्हणजे माझ्याच कसोटीला ते दोघं शंभर टक्के उतरले, आणि तेही ठोकळ्यांच्या आजोबांच्या मदतीने.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोकदार: मग नोटेशन तरी काय वेगळं आहे? तेही चित्रच, तीही कुबडीच. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या साधूने रेघांवर सूर बसवायची पद्धत रुळवली ती चर्चमधल्या गायकांना नवी स्तोत्रं पाठांतराशिवाय गाता यावीत म्हणूनच. मान्य. पण त्या चित्राची घडण निराळी आहे. ते पानभर एकदम दिसतं. मागचं मागे राहतं, पुढचं पुढे दिसतं, दोन ओळी शेजारी ठेवून ताडता येतात, वर चढणारा सूर वर चढताना दिसतो. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडाने १९७४मध्ये वाजवता-वाजवता पान अचानक झाकून पाहिलं, तेव्हा चांगले वाचक त्यानंतरही सहा-सात सूर वाजवू शकले, कच्चे तीन-चारच. सरावलेला डोळा सुटे सूर वाचत नाही, शब्द आणि वाक्यं वाचतो. मुंबईच्या सिनेसंगीताच्या सुवर्णकाळात गोव्याहून आलेले वादक स्टुडिओत समोर ठेवलेला कागद पाहून थेट वाजवत. चर्चच्या शाळांत लहानपणी गिरवलेल्या लिपीची ती पुण्याई. आपल्याकडे भातखंड्यांनी आणि पलुस्करांनी स्वरलिप्या तयार केल्या, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून शेकडो बंदिशी हाती आल्या; पण बैठकीत पुस्तक उघडून ख्याल गाणारा कोणी पाहिलाय? लिपी आठवणीसाठी, गाणं गळ्यात. पाश्चात्त्य परंपरेत कागद समोर ठेवून वाजवणं हे स्वतंत्र कौशल्य मानलं जातं आणि ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षांत न पाहिलेला तुकडा वाचून वाजवायला लावतातही. ठोकळे वाचण्याचं कौशल्य मात्र पुढच्या कुठल्याच तुकड्याचा कागद उघडत नाही. दहा तुकडे ठोकळ्यांवर शिकलेला माणूस अकराव्याला पुन्हा ठोकळेच मागतो.

राहिला प्रश्न साध्या हौसेचा आणि सोयीचा. तालुक्याच्या गावी पियानोचा शिक्षक कुठून आणायचा? पन्नाशीच्या माणसाला परीक्षा द्यायची नाही, नातीच्या वाढदिवसाला एकच तुकडा वाजवायचा आहे. त्याने लिपी का शिकावी? त्याने शिकू नये, हे माझं प्रामाणिक उत्तर. पण लिपी न शिकताही ठोकळ्यांच्या पलीकडे जाता येतं, आणि आपल्याकडच्या माणसाला तर दोन वाटा आहेत. एक, सरगम. पेटीवर चार अलंकार काढलेल्या कोणालाही वर सांगितलेले स्वर वहीत लिहून घेता येतील. खाली-वर टिंब देऊन मंद्र आणि तार, खाली रेघ मारून एका मात्रेत दोन स्वर. असं स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र तयार चित्राच्या दसपट कामाचं असतं, कारण ते काढताना तुकडा समजून घ्यावाच लागतो. दोन, तोच मोबाइल, पण उलटा वापरलेला. पुढे काय दाबायचं हे सांगायला न ठेवता, काय दाबलं गेलं हे दाखवायला ठेवायचा. स्टँडवर हातांच्या वर लावून दोन मिनिटं वाजवलेलं टिपावं आणि नंतर बघावं. मनगट कुठे आखडतं, अंगठा कुठे उशिरा पोचतो, पाचव्या बाराआधी दम का घेतला जातो, हे सगळं त्यात दिसतं, आणि बघताना ऐकूही येतं. पेन्सिलही विसरू नये. बाखचा मुलगा कार्ल फिलिप याने १७५३मध्ये कळवाद्य वाजवण्यावरचा आपला ग्रंथ काढला त्यात बोटं कोणती कुठे लावायची यावर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. नवशिक्याने पंधरा जागी आकडे लिहून ठेवले तर कमीपणा नाही. अंगठा एक, करंगळी पाच.

प्रत्यक्षात हे आठवड्याभराचं काम आहे. पहिल्या दिवशी ठोकळ्यांवर तुकडा दोन-तीनदा बघावा, जमलं तर उजव्या हाताने शोधावा. पट्टी दाबायच्या आधी ‘प, सा रे ग म’ तोंडाने म्हणावं, टाळीवर तीन मोजत. दुसऱ्या दिवशी पडदा चालू करण्याआधी पहिले दोन बार आठवून पाहावेत, अडलं तरच बघावं, आणि बघून झालं की पुन्हा झाकावं. तिसऱ्या दिवसापासून डावा हात एकटा, त्या ‘सा रे ग म ग रे सा’च्या जिन्यावरून, मेट्रोनोम इतका संथ लावून की कंटाळा यावा. दोन्ही हात एकत्र आणताना दोन-दोन बारांचंच वाक्य घ्यावं, कारण नाचणाऱ्याचं पाऊलही तिथेच पुरं होतं. दुसऱ्या भागात तीव्र मध्यम भेटतो, काळी एकवर. तिथे ‘प’ थोडा वेळ ‘सा’ होऊन बसतो आणि मग सगळे पुन्हा मूळ घरी येतात. तो भाग पुढच्या आठवड्याला ठेवावा. पहिल्या सोळा बारांसाठी करंगळी ‘प’वर ठेवून बसा, अंगठा ‘सा’वर आलेला असेल.